रात्रीची शिदोरी : परळ-दादरच्या पदपथांसाठी तयार खाण्याच्या पिशव्या

17 नोव्हेंबर 2023

भाऊबीज झाली आणि कामाला हात घातला. परळ आणि दादर भागांत पदपथावर, उड्डाणपुलांखाली आणि रुग्णालयांच्या भिंतींलगत राहणाऱ्या माणसांना, चूल न पेटवता आणि भांडे न वापरता खाता येईल अशा कोरड्या खाण्याची पिशवी दर आठवड्याला द्यावयाची, असे आमच्या चाळीतील व आसपासच्या मंडळींचे ठरले आहे. पुढे कुणाला असे काम उभे करावयाचे असेल, तर त्याला आमचा हिशेब आणि त्यामागची कारणे दोन्ही पाहता यावीत, यासाठी ही वही.

आज बैठकीत बराच वेळ एकाच प्रश्नावर गेला : ही पिशवी कोणत्या वेळेच्या भुकेसाठी? दुपारची सोय या भागात काही प्रमाणात होते. 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. मात्र ही केंद्रे दुपारी काही तासच उघडी असतात. दादरच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. मंगळवारी प्रभादेवीच्या बाजूला प्रसाद मिळतो, सणावारी तर खाणे अनेकांकडून येते. उरते ती रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. ज्याला पहाटे नाक्यावर मजुरीसाठी उभे राहावयाचे आहे किंवा सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत जागा धरावयाची आहे, त्याच्या पोटात त्या वेळी काहीच नसते. आमची पिशवी याच वेळेसाठी असावी, असे एकमताने ठरले.

दिवाळीचा उरलेला फराळ देण्याची तयारी अनेक घरांनी दाखवली. त्यांच्या मनातील भाव मोलाचा आहे, तरीही तो फराळ न घेण्याचे ठरवले. दहा-बारा दिवसांपूर्वी तळलेल्या चकलीला कोणते तेल वापरले, ते कितव्यांदा तापवले, हे आपल्याला ठाऊक नसते. आणि आपण खवट म्हणून बाजूला सारलेले खाणे दुसऱ्याच्या हाती ठेवणे मला स्वतःला मान्य नाही. त्या घरांना फराळाऐवजी कोरे शेंगदाणे, गूळ किंवा कणीक देण्याची विनंती केली आहे.

21 नोव्हेंबर 2023

संध्याकाळी हिंदमाता ते परळ असे पायी फिरून, पिशवीत काय असावे हे तेथे राहणाऱ्यांनाच विचारले. यादी घरी बसून केली असती, तर ती फारच निराळी झाली असती.

पुलाखाली संसार मांडून असलेल्या एका वयस्क बाईंनी, मी फुटाण्यांचे नाव काढताच, तोंड उघडून हिरड्या दाखवल्या. "चणे कशानं खाऊ, दादा? बिस्किट दिलं तर चहात बुडवून खाते, पण चहाला पैसे पडतात." त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी निराळीच गोष्ट दाखवली. त्यांची सारी पिशवी-गाठोडी पुलाच्या कठड्याच्या लोखंडी सळईला टांगलेली होती; खाली ठेवलेल्या एका गोणपाटाचा कोपरा उंदरांनी कुरतडून त्याची झालर केली होती. "रात्री जमिनीवर ठेवलेलं सकाळी आपलं नसतं," असे ते म्हणाले. उंदीर आणि घुशी खाण्याच्या वासाने माणसाच्या उशापर्यंत येतात, म्हणून कित्येकजण भूक नसली तरी मिळालेले अन्न तेव्हाच संपवतात किंवा टाकून देतात.

रुग्णालयांच्या बाजूला माणसे निराळी आहेत. टाटा मेमोरियल आणि केईएम ही दोन्ही रुग्णालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असल्याने बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल आणि आपल्याकडील विदर्भ-मराठवाड्यातून आलेले रुग्णांचे नातेवाईक तेथील पदपथांवर आठवडेच्या आठवडे काढतात. त्यांच्यापैकी अनेकांजवळ एखादे पातेले आणि लोटा असतो. दरभंग्याहून आलेल्या एका तरुणाने सातूच्या पिठाची पुरचुंडी दाखवली. पाणी, मीठ आणि कांदा मिळाला की त्याचे जेवण होते. पाणी हीच तिथली मोठी अडचण आहे.

एकाच प्रकारची पिशवी सर्वांना चालणार नाही, हे आज स्पष्ट झाले. दोन प्रकार करावयाचे : एक कडक, एक मऊ.

25 नोव्हेंबर 2023

कडक पिशवीचे साहित्य ठरले. सालासकट फुटाणे 100 ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे 50 ग्रॅम, गुळाचे दोन खडे, तीन दशम्या आणि राजगिऱ्याचे दोन लाडू. फुटाणे आणि शेंगदाणे यांतूनच तीस ग्रॅमांहून अधिक प्रथिने मिळतात आणि सर्व मिळून रात्र व सकाळ निभावण्याइतकी ऊर्जा होते. बिस्किटांचे पुडे सर्वांत सोपे पडले असते, परंतु मैदा आणि साखर यांनी तासाभरात पुन्हा भूक लागते आणि इतर देणारे बहुधा तेच देतात. म्हणून आम्ही ते वगळले.

मऊ पिशवीत सातूच्या पिठाचे तूप-गुळात वळलेले लाडू, राजगिऱ्याचे लाडू, बिया काढलेला खजूर, दुधात मळलेल्या गव्हाच्या मऊ दशम्या आणि वाटपाच्या दिवशी घेतलेली दोन केळी असतील. राजगिऱ्याचा लाडू जिभेवर विरघळतो. त्याला दात लागत नाहीत.

शेंगदाणे निवडण्याचे काम आज चाळीच्या गॅलरीत झाले आणि त्यावर अधिक लिहिणे आवश्यक वाटते. दाणे सुपात घेऊन पाखडले, मग ताटात पसरून एकेक पाहिला. सुरकुतलेला, काळपट डाग पडलेला, मोडल्यावर आत हिरवट-करडी बुरशी दिसणारा किंवा कडू लागणारा दाणा बाजूला काढला. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवर जी बुरशी धरते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असते आणि घरगुती भाजण्याने पुरते नष्ट होत नाही. भाजल्यावर दाण्याचा डाग लपतो, म्हणून निवडणे भाजण्यापूर्वीच झाले पाहिजे. ज्या माणसाची तब्येत आधीच खालावलेली आहे, ज्याला आजारी पडल्यावर अंथरुणही नाही, त्याच्या घासात असा एक दाणाही जाता कामा नये, हे निवडणाऱ्या प्रत्येकीने मनावर घेतले आहे. भाजलेल्या दाण्यांपेक्षा कोरे दाणे आणून स्वतः निवडून भाजणे, हाच नियम राहील.

29 नोव्हेंबर 2023

दशम्यांची चाचणी केली.

पाण्याऐवजी दुधात पीठ मळले की पोळी अधिक टिकते, हे घरोघरी माहीत असते, आणि प्रवासाला निघालेल्याच्या फडक्यात दशम्या बांधून देण्याची रीत त्यातूनच आली. प्रश्न मुंबईच्या दमट हवेत त्या किती तग धरतात, हा होता. ज्वारीच्या दशम्या चवीला उत्तम झाल्या, परंतु दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांच्या कडा इतक्या वाळल्या की दात चांगले असलेल्यालाही त्या जड जाव्यात. गव्हाच्या पिठात तेलाचे मोहन, गूळ विरघळवलेले दूध आणि चिमूटभर मीठ घालून केलेल्या दशम्या मात्र दोन दिवस मऊ राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास येईल, हे गृहीत धरून "उद्या संध्याकाळपर्यंत संपवा" असे सांगावयाचे ठरले.

टिकण्याचे खरे गमक भाजण्याइतकेच निववण्यात आहे. तव्यावरून उतरलेली दशमी दुसरीवर रचली की वाफ मध्येच कोंडते, पृष्ठभागाला ओल सुटते आणि ती ओलच पुढे बुरशीला आमंत्रण देते. आमच्या गटातील ज्या मावशींनी गिरण्यांच्या काळात आपल्या आईबरोबर खानावळ चालवली होती, त्यांनी यासाठी जमिनीवर धुतलेला मांजरपाट अंथरला, दशम्या एकेक सुट्या मांडल्या, अर्ध्या वेळाने प्रत्येकीची बाजू पालटली आणि हाताच्या पाठीला गारवा लागल्याखेरीज एकही कागदात बांधू दिली नाही. गिरणी कामगारांना डबे पुरवणाऱ्या बायकांजवळ शेकडोंच्या स्वयंपाकाचे जे ज्ञान होते, ते या भागातील जुन्या चाळींत अजून शिल्लक आहे. त्याचा उपयोग आपण करून घेतला पाहिजे.

भात, खिचडी, पुलाव यांची सूचना पुन्हा आली होती. ती नाकारण्याचे कारण येथे नोंदवून ठेवतो. शिजवलेले अन्न साठ अंशांहून गरम किंवा पाच अंशांहून थंड ठेवता आले, तरच ते सुरक्षित राहते. मधल्या तापमानात जंतू वेगाने वाढतात आणि भातात तर असे जीवाणू असतात की ज्यांचे बीजकण शिजवूनही मरत नाहीत, व भात कोमट राहिला की त्यांतून विष तयार होते. आमच्याजवळ गरम ठेवण्याची पेटी नाही, आणि घेणारा ती खिचडी लगेच खाईल की पहाटेसाठी ठेवील, हे आपल्या हाती नाही. ठेवता येईल असेच खाणे द्यावयाचे, तर ते कोरडेच असले पाहिजे.

2 डिसेंबर 2023

आज पिशवीविषयी. राज्य शासनाच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेपासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा बंद आहेत, आणि 1 जुलै 2022 पासून देशभर प्लॅस्टिकचे चमचे व थाळ्यांवरही बंदी आली. चमचा देता येत नाही, म्हणून हाताने उचलून खाता येणार नाही असा पदार्थ यादीत घ्यावयाचा नाही. सातूचे पीठ सुटे न देता लाडू वळून देण्यामागे हेच कारण आहे.

कागदी पिशवी स्वस्त होती. परंतु हवेतील धूळ बसावी म्हणून महापालिका सध्या पहाटे रस्ते पाण्याने धुऊन काढते, आणि टँकरचे ते पाणी पदपथाच्या कडेपर्यंत येते. कागदाची पिशवी ओल्या फरशीवर ठेवून पाहिली. तिचा तळ उचलताना सुटला. त्यामुळे कोऱ्या मांजरपाटाच्या, नाडी ओवलेल्या पिशव्या शिवून घेतल्या आहेत. नाडी मुद्दाम हातभर लांब ठेवली, म्हणजे ती सळईला दोनदा गुंडाळून गाठ मारता येते. कडक पिशवीला लाल नाडी, मऊ पिशवीला पांढरी. वाटणाऱ्याला अंधारातही फरक कळतो आणि वाचता न येणाऱ्यालाही दुसऱ्या वेळी आपली पिशवी ओळखता येते.

आतील पदार्थ बटर पेपरमध्ये वेगवेगळे बांधावयाचे. गूळ दाण्यांजवळ ठेवला की दाणे ओलावतात, म्हणून त्याची पुडी निराळी.

6 डिसेंबर 2023

महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर लाखो अनुयायी आले आहेत आणि शिवाजी पार्कच्या परिसरात अनेक संस्थांनी भोजनाची व्यवस्था केली आहे. आज दादरमध्ये आमच्या पिशवीची गरज नाही. वाटपाचा वार बुधवार ठरला असला, तरी पहिले वाटप पुढील बुधवारी करावयाचे.

13 डिसेंबर 2023

पहिले वाटप झाले. रात्री नऊनंतर निघालो, कारण त्याआधी मजुरीवरची माणसे परतलेली नसतात.

रांग लावली नाही. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा 1959 पासून लागू आहे, आणि रस्त्यावर हात पसरताना दिसलो तर उचलून नेतील ही भीती पदपथावरच्या माणसाच्या मनात कायम असते. घोळका जमला की ती भीती वाढते. दोघे-दोघे मिळून आपापल्या पट्ट्यात गेलो, बसून बोललो, "कडक चालेल की मऊ?" एवढे विचारले आणि पिशवी हातात दिली. छायाचित्रे काढावयाची नाहीत हा नियम पहिल्याच दिवशी कसोटीला लागला : एका देणगीदारांना आपल्या देणगीचे काय झाले ते पाहावयाचे होते. त्यांना भरलेल्या पिशव्यांचे आणि खरेदीच्या पावत्यांचे छायाचित्र पाठवले; माणसांचे पाठवणार नाही हे कळवले आणि त्यांनी ते मनापासून मान्य केले. आपल्या पोराने गावाकडे हा फोटो पाहिला तर, या विचाराने तोंड फिरवणारी माणसे मी पाहिली आहेत. दोन दशम्यांच्या बदल्यात कुणाचा चेहरा घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मऊ पिशव्या अर्ध्या वाटेतच संपल्या. प्रमाण उलटे करावे लागेल : आम्ही मऊ पिशवी वृद्धांसाठी धरली होती, परंतु तंबाखूने दात-हिरड्या गेलेली चाळिशीतील माणसेही तीच मागतात.

20 डिसेंबर 2023

गाडगेबाबांची पुण्यतिथी. 1956 साली याच दिवशी ते गेले. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक अल्प खर्चात राहतात. जागा अपुरी पडते म्हणून जे बाहेर उरतात, तेच आमच्या बुधवारच्या वाटेवर भेटतात.

बाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न यानंतर लगेच तहानलेल्यांना पाणी येते. आमच्या पिशवीत पाणी नव्हते. फुटाणे, दाणे, दशम्या, लाडू हे सारे कोरडे, घशाला चिकटणारे. रात्री अकरानंतर पाण्याचा नळ शोधावयाचा कोठे? आजपासून प्रत्येक पिशवीबरोबर एक लिटरची पाण्याची बाटली दिली. वजन दुपटीहून अधिक झाले, त्यामुळे हातगाडी भाड्याने घ्यावी लागली, परंतु बाटली मिळताच बहुतेकांनी आधी पाणी प्यायले, हे पाहिल्यावर त्या भाड्याविषयी कुणी काही बोलले नाही.

बाटली लिटरचीच घेण्यामागे आणखी एक हेतू आहे. मऊ पिशवीत जलसंजीवनीचे पाकीट घालण्याची सूचना आमच्यासोबत येणाऱ्या परिचारिकेने केली आहे. ते पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवण्यासाठी असते. ते पेलाभर पाण्यात कालवले तर क्षारांचे प्रमाण फार वाढते आणि जुलाब झालेल्या मुलाला त्याने अपाय होऊ शकतो. बाटलीच लिटरची असली की "सगळे पाकीट सगळ्या बाटलीत" इतके सांगितले म्हणजे पुरते.

3 जानेवारी 2024

परळच्या पट्ट्याविषयी सविस्तर चर्चा झाली. कर्करोगाच्या रुग्णाला आपली पिशवी द्यावी काय?

केमोथेरपीच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि साध्या जंतूचा संसर्गही गंभीर होऊ शकतो. तोंडात फोड येतात. मुखाच्या कर्करोगात कित्येकांचा जबडा बोटभरही उघडत नाही, काहींना नाकातून घातलेल्या नळीनेच पातळ आहार द्यावा लागतो. अशा माणसासमोर शेंगदाण्यांची पिशवी ठेवणे म्हणजे त्याच्या दुःखाकडे न पाहणे होय. म्हणून रुग्णासाठी काही न देता, त्याच्याजवळ राहणाऱ्या नातेवाइकासाठी पिशवी द्यावयाची, आणि रुग्णाने काय खावे हे त्याच्या डॉक्टरांनी व आहारतज्ज्ञांनीच सांगावयाचे, असे ठरले. नातेवाइकाला धरून ठेवणारे खाणे मिळाले, तर तो रुग्णाच्या दुधासाठी ठेवलेले पैसे स्वतःच्या वडापाववर खर्च करीत नाही, हे त्या दरभंग्याच्या तरुणानेच मला सांगितले. त्याच्या वडिलांचे उपचार चालू आहेत.

कणकेच्या दशमीऐवजी सातूचे लाडू जास्त द्या, अशी तेथील मागणी आहे. पुढच्या आठवड्यापासून परळच्या पिशवीत दशमी एक आणि लाडू चार.

15 जानेवारी 2024

संक्रांत. तिळाचे लाडू भरपूर आले, ते कडक आणि मऊ दोन्ही प्रकारचे निघाले. कडक पाकाचे वेगळे काढले.

31 जानेवारी 2024

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मध्ये नफ्यासाठी नसलेले अन्नाचे कामही अन्न व्यवसायाच्या व्याख्येत येते. त्यामुळे नोंदणीचा अर्ज भरला आहे. फुकट वाटप करणाऱ्यांनी या नियमात का पडावे, असे दोघांनी विचारले. माझे मत असे की विकत घेणाऱ्याला दुकान बदलता येते, तक्रार करता येते. आमच्याकडून घेणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण स्वतःवरच नियम घालून घेतले पाहिजेत. पीठ कधी दळले, दाणे कधी भाजले, दशम्या कुणी केल्या, हे प्रत्येक बुधवारी वहीत लिहिले जाते, आणि ज्याला सर्दी-खोकला, जुलाब किंवा हाताला जखम आहे त्याने त्या आठवड्यात फक्त पिशव्या शिवाव्यात.

निवाऱ्यांचा विषयही निघाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असला पाहिजे. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाकोटीच्या आसपास होती, म्हणजे सव्वाशे निवारे लागतात. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही संख्या नाही. ज्याला कुलूप लावता येईल अशी पेटी आणि पाण्याचा नळ असलेली जागा मिळेल, त्याला आमच्या लांब नाडीची गरज उरणार नाही. वॉर्ड कार्यालयाला द्यावयाच्या निवेदनात आम्ही पाहिलेल्या जागा आणि तेथील माणसांच्या अडचणी लिहून देत आहोत, मात्र कुणाचेही नाव न देता.

21 फेब्रुवारी 2024

ऊन वाढू लागले आहे. गेल्या बुधवारच्या गुळाच्या पुड्यांना पाझर सुटला आणि कागद दाण्यांना चिकटला. मार्चपासून गूळ सुटा न देता लाडवांतच राहील. दशमी या उष्म्यात दुसऱ्या दिवशी टिकेल याची खात्री देता येत नाही, म्हणून तिच्या जागी खाकरे घ्यावेत, अशी सूचना आहे. मऊ पिशवीसाठी मात्र खाकरा चालत नाही, तेथे लाडू आणि खजूर वाढवावे लागतील. भाजलेले शेंगदाणे उन्हाळ्यात लवकर खवट होतात, त्यामुळे ते आदल्या रात्री न भाजता बुधवारी सकाळीच भाजावयाचे आणि एका आठवड्यापुरतेच आणावयाचे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रमजान सुरू होईल. दादर स्थानकाच्या पुलाजवळच्या काही कुटुंबांनी आपण होऊन सांगितले की रात्रीची पिशवी त्यांना सहेरीला उपयोगी पडेल, मात्र दिवसभर पाणी प्यावयाचे नसल्याने खारट काही नको. त्यांच्या पिशव्यांत मीठ लावलेल्या फुटाण्यांऐवजी बिनमिठाचे फुटाणे, खजूर दुप्पट आणि पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या जातील. बिनमिठाच्या फुटाण्यांसाठी भट्टीवाल्याला आजच सांगून ठेवले आहे.